माठातला खर्ज

यंदा जून महिन्यात मंडळाच्या भांडारघराची साफसफाई निघाली आणि मोडीत काढायच्या वस्तूंची यादी कार्यकारिणीपुढे आली. तुटक्या खुर्च्या, नाटकातले दोन मुकुट, पत्र्याची एक पेटी, आणि सर्वांत शेवटी ‘लाकडी खोकी – २ (फार जड), फुटका माठ – १’. खोकी इतकी जड का, हे यादी करणाऱ्या मुलांना कळले नव्हते. भंगारवाल्याने भाव वजनावर लावला होता, त्यामुळे ती यादीतली सर्वांत किमती वस्तू ठरली होती. आम्ही चौघांनी हरकत घेतली. सचिव वयाने आमच्या मुलांएवढे, म्हणाले, “काका, हे नक्की काय आहे ते स्मरणिकेत लिहून द्या. लोक वाचतील, मग ठरवू.” म्हणून हा लेख.

ती खोकी म्हणजे १९७९ साली आम्ही बांधलेले लाउडस्पीकर. माठ त्यांच्याही आधीचा. पण आमची गोष्ट सांगायची तर थोडे मागे, आणि थोडे सातासमुद्रापारही जावे लागेल.

इंदूरला आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले २२ मे १९५५ रोजी. त्याच्या आधीपासूनच आमच्या घरांत रेडिओ होते. दिवाणखान्यात, फळीवर, भरतकामाचा पडदा घातलेले. त्या काळचा व्हॉल्व्हचा रेडिओ म्हणजे लाकडी पेटी, समोर कापड, कापडामागे सहा-सात इंची स्पीकर आणि पाठीमागे भोके पाडलेला पुठ्ठा. बोलणे स्वच्छ ऐकू यायचे, बाईचे गाणे गोड लागायचे. त्यात काही उणे आहे असे कुणाला वाटत नव्हते, आम्हालाही नाही.

वाटले ते १९७४च्या फेब्रुवारीत. उस्ताद अमीर खाँ कलकत्त्याला मोटार अपघातात गेले. खाँसाहेब इथेच वाढलेले. त्यांचे वडील शाहमीर खाँ होळकर दरबारी होते. आमच्या वडीलमंडळींपैकी कित्येकांनी त्यांना बैठकीत समोर बसून ऐकले होते. त्या आठवड्यात रेडिओवर त्यांचे गाणे लागले, तेव्हा आमच्यातल्या एकाचे वडील ऐकता ऐकता उठून गेले. नंतर म्हणाले, “हे खाँसाहेब नव्हेत. खाली उतरतात तिथे आवाज नाहीसाच होतो.” आम्ही तेव्हा कॉलेजात होतो, विज्ञान शिकत होतो, आणि हे वाक्य आमच्या मनाला लागले. आवाज नाहीसा का होतो?

उत्तर साधे आहे, पण ते शोधायला आम्हाला दोन वर्षे लागली. काळी एकच्या तानपुऱ्याची खर्जाची तार सेकंदाला साधारण ६९ वेळा कंप पावते. एवढ्या संथ कंपनाने हवा हलवायची तर स्पीकरचा कागदी शंकू मोठा हवा आणि त्याला पुढेमागे फिरायला जागा हवी. शिवाय शंकू पुढे गेला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. मधे आडोसा नसेल तर पुढची दाबलेली हवा कडेवरून मागे वळते, दोन्हींची फिटंफाट होते आणि आपल्या कानापर्यंत काहीच पोचत नाही. उंच सुरांचे तसे होत नाही, कारण त्यांच्या लहरी आखूड. वळून जायच्या आत त्या निघून गेलेल्या असतात. उघड्या पाठीच्या रेडिओतून खर्ज येत नाही तो यामुळे. गंमत म्हणजे तरीही आपल्याला तो ‘ऐकू आला’ असे वाटते. वरचे स्वरांश कानावर पडले की मेंदू खालचा मूळ सूर मनानेच भरून काढतो. ज्यांनी खाँसाहेबांना समोर ऐकले होते, त्यांचा मेंदू मात्र फसायला तयार नव्हता.

लाउडस्पीकरच्या इतिहासात ही अडचण पहिल्यापासून दिसते. चुंबकाच्या क्षेत्रात तारेचे वेटोळे ठेवून ते विजेने हलवण्याची कल्पना इंग्लंडच्या ऑलिव्हर लॉज यांनी १८९८ साली पेटंट करून ठेवली होती. पण तेव्हा तिला जोर देणारा अॅम्प्लिफायरच नव्हता. पुढे कॅलिफोर्नियात पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडॅम या दोघांनी वेटोळ्यापुढे भोंगा जोडला आणि १९१५च्या नाताळात सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरभवनापुढे हजारोंच्या जमावाला गाणी आणि भाषणे ऐकवली. आपल्या मांडवांवर दिसणारा भोंगा या घराण्यातला. घरात ऐकण्याजोगा स्पीकर आला १९२५ साली. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकमधल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी भोंग्याशिवायचा, कागदी शंकूचा स्पीकर सिद्ध केला. आज शंभर वर्षांनी तुमच्या टीव्हीत आणि मोटारीत जो स्पीकर आहे, तो मुळात तोच. शंकू, कॉइल, चुंबक. या शंभर वर्षांत बदलत राहिले ते त्याच्या मागचे खोके, आणि खोके कुणालाही करता येते. सुतारकाम येणाऱ्या हौशी माणसाला या इतिहासात जागा मिळाली ती इथे.

हौशी मंडळींचा कुलपुरुष म्हणावा असा माणूस इंग्लंडच्या यॉर्कशरमधला, गिल्बर्ट ब्रिग्ज. मूळ धंदा कापडाचा. (गिरण्यांच्या इंदुरात हे वाचून आम्हाला तो लगेच आपला वाटला.) पियानोचा नाद, आणि कापडाच्या धंद्यात मंदी. चाळिशी उलटल्यावर त्याने इल्कली गावातल्या आपल्या घराच्या तळघरात स्पीकर बनवायला घेतले आणि १९३२ साली व्हार्फडेल कंपनी काढली. गाव व्हार्फ नदीच्या खोऱ्यातले, म्हणून ते नाव. पण आम्हाला त्याचे मोल आहे ते त्याच्या पुस्तकांसाठी. १९४८ साली त्याने लाउडस्पीकरवर पुस्तक लिहिले, त्यामागून आणखी अनेक. स्पीकर विकणारा माणूस लोकांना सांगत होता की खोके तुम्ही घरीच करा, आणि हे घ्या माप. खोलीच्या कोपऱ्यात विटांची भिंत रचून तिच्यात स्पीकर बसवा. लाकूड थरथरते ना, मग दोन फळ्यांच्या मधे कोरडी वाळू भरा. लिहिणे मिस्कील, स्वतःच्या चुका न लपवणारे.

१९५४ साली त्याने लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये एक धाडस केले. सुमारे तीन हजार माणसांच्या त्या सभागृहात त्याने व्यासपीठावर घरगुती स्पीकर मांडले, क्वाड कंपनीच्या पीटर वॉकरचे अॅम्प्लिफायर जोडले, आणि रेकॉर्ड व प्रत्यक्ष वादक एकापाठोपाठ एक ऐकवले. फरक कळतो का ते श्रोत्यांनीच ठरवायचे. लोकांनी तिकिटे काढून गर्दी केली. पुढे असे कार्यक्रम त्याने अनेक ठिकाणी केले, अमेरिकेतही. यंत्र गाण्याच्या शेजारी उभे करून त्याची परीक्षा सर्वांसमक्ष घ्यायची, असा हा रिवाज.

ब्रिग्जचे एक पुस्तक आमच्यातल्या एकाच्या काकांनी इंग्लंडहून आणले होते. ते हातोहात फिरून इतके सैल झाले की शेवटी पाने दोऱ्याने बांधून ठेवावी लागली. त्यातली विटांच्या कोपऱ्याची युक्ती रामबागेतल्या एका भाड्याच्या खोलीत करून पाहायचे ठरले. तिसऱ्या थरावर घरमालक आले. “भिंत घालून खोली वाढवताय की कमी करताय?” असे त्यांनी विचारले आणि विटा संध्याकाळच्या आत खाली गेल्या.

आपल्याकडे तेव्हा तयार स्पीकर घेणे ऐपतीबाहेरचे होते. परदेशी माल आयात निर्बंधांमुळे दुकानात दिसत नसे; दिसला तर किंमत विचारण्याची सोय नव्हती. पण सुटे भाग देशी मिळत. फिलिप्सचा आठ इंची स्पीकर, भारत इलेक्ट्रॉनिक्सचे एसी १८७ आणि १८८ हे ट्रान्झिस्टर, पुढे २एन३०५५. कुणी मुंबईला लग्नाला निघाला की त्याच्या खिशात लॅमिंग्टन रोडवरून आणायच्या सामानाची यादी असे. अक्षता टाकून झाल्या की गडी तिकडे. तांब्याची इनॅमलची तार मोटर-वाइंडिंगवाल्याकडून वजनावर, स्क्रू आणि सरेस सियागंजातून, आणि खोक्यात भरायचा कापूस गादीवाल्याकडून.

राहिले खोके. चांगल्या प्लायवूडला पैसे नव्हते, म्हणून माठ. ही काही आमची शोधबुद्धी नव्हे. त्या काळात देशभर कितीतरी घरांत मडक्यावर स्पीकर पालथा घालून ठेवलेला असे. रेडिओदुरुस्तीच्या दुकानात तर हमखास. लोक ते ‘आवाज घुमतो’ म्हणून करत. आम्ही जरा विचारपूर्वक करायचे ठरवले. कुंभारदादांकडे जाऊन तोंडाचे माप दिले, तेव्हा ते म्हणाले, “पाणी किती दिवस गार ठेवायचं?” पाणी ठेवायचेच नाही, हे ऐकून त्यांनी आमच्याकडे पाहिले आणि मग पैसे आधी मागितले.

माठ हे खोके म्हणून खरोखर चांगले. त्याला समोरासमोर सपाट भिंती नसतात, म्हणून आत एकाच सुराची लहर मागेपुढे आपटत राहत नाही. गोलाई असल्यामुळे भाजलेली माती पातळ असूनही ताठ राहते. शिवाय खाली किंवा बाजूला भोक पाडून नळी बसवली की माठाच्या पोटातली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि नळीतली हवा वजनासारखी. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की जो ‘हूं’ आवाज येतो, तोच हा प्रकार. जर्मनीच्या हेल्महोल्ट्झने एकोणिसाव्या शतकात त्याचे गणित मांडले. अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेतल्या अल्बर्ट थुरास याने तेच तत्त्व स्पीकरच्या खोक्याला लावले आणि १९३२ साली त्याचे पेटंट मिळवले. शंकूच्या पाठीमागचा जो आवाज एरवी वाया जातो, तो नळीतून नेमका खर्जाच्या मदतीला बाहेर येतो. तीस लिटरच्या माठाला पाच सेंटिमीटर व्यासाची, दहा सेंटिमीटर लांब नळी लावली तर ही हवा साधारण ३७ हर्ट्झला घुमते. हे आज आम्ही चुटकीसरशी सांगतो. तेव्हा नळी म्हणून पुठ्ठ्याची गुंडाळी घेऊन ती सुरीने थोडी थोडी कापत कानाने ठरवत असू, आणि एकदा कापलेला पुठ्ठा काही वाढत नाही.

पहिला माठ ‘टण्ण’ वाजत असे. दुसऱ्याला आतून डांबर आणि गोणपाट लावले. स्पीकर आणि माठाचे तोंड यांच्यामध्ये सायकलच्या ट्यूबची पट्टी. तिसरा, म्हणजे भांडारघरातला, सर्वांत चांगला झाला. त्याचा जोडीदार १९७७च्या पावसाळ्यात जिन्यावरून उतरताना सुटला. कुणाच्या हातून, यावर आजही एकमत नाही.

ऐकण्याची बैठक रविवारी दुपारी चार वाजता असे, ज्याच्या घरचे सहन करतील त्याच्याकडे. प्रत्येकाने आपले खोके किंवा माठ आणायचा, दोरीवर चादर टांगायची, आणि चादरीआड कुठला वाजतोय हे न सांगता एकच रेकॉर्ड लावायची. मारवा आणि दरबारी असलेली खाँसाहेबांची एलपी आमच्याकडे होती, आणि पहिली कसोटी नेहमी तीच. मग कुमारजी, देवास काही लांब नव्हे, त्यांना प्रत्यक्ष ऐकलेले लोक बैठकीत असत, त्यामुळे थापा चालत नसत. शेवटी गीतरामायण, कारण तोवर स्वयंपाकघरातली मंडळीही बाहेर येऊन बसलेली असत. गुण कागदावर लिहायचे. भांडणे व्हायची. एकदा दोन जिवलग मित्र ‘गोडवा’ आणि ‘स्वच्छपणा’ यांवरून तीन महिने एकमेकांशी बोलले नव्हते. आमच्यातला जो गोडव्याच्या बाजूचा होता, तो आता नाही. लिहिताना मात्र त्याची बाजू बरोबर होती असे वाटू लागले आहे.

चादरीआडच्या एका रविवारी आम्ही मोठ्या दिमाखात पहिल्यांदा दोन स्पीकर एकत्र, स्टीरिओ म्हणून लावले. सगळे वाहवा करत होते. ज्यांच्या घरी बसलो होतो त्या आजी दारात सुपात तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, “सगळं छान आहे रे, पण डग्गा कुठे गेला?” आम्ही हसलो. मग ऐकू लागलो. डग्गा खरेच नव्हता. एका स्पीकरच्या तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. एकाचा शंकू पुढे येई तेव्हा दुसऱ्याचा मागे जाई, आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकत. भौतिकशास्त्राचे दोन पदवीधर, एक अभियंता आणि एक बँकवाला अर्धा तास हे ऐकत बसले होते. तेव्हापासून प्रत्येक स्पीकरला जोडण्यापूर्वी दीड व्होल्टचा सेल लावून शंकू बाहेर येतो की आत जातो ते पाहायचे आणि धन टोकाला कुंकवाचा ठिपका द्यायचा, असा नियम झाला. भांडारघरातल्या खोक्यांत स्क्रू काढून पाहा, ठिपके अजून आहेत.

ती खोकी १९७९ची. ब्रिग्जची वाळूची युक्ती आम्ही त्यांत वापरली. दोन प्लायच्या मधे बोटभर पोकळी, आणि त्या पोकळीत लोखंडी कढईत भाजून कोरडी केलेली नर्मदेची वाळू. वजनाचे रहस्य एवढेच. सुतारमिस्त्रींना हे पटले नाही. “फर्निचरात रेती भरणारे पहिले गिऱ्हाईक,” असे त्यांनी आमच्या तोंडावर सांगितले, पण सांधे असे पक्के केले की चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षांत चिमूटभरच गळली. बारीक सुरांसाठी वेगळा लहान स्पीकर आहे. मधल्या क्रॉसओव्हरला पाच मायक्रोफॅरडचा कंडेन्सर हवा होता. तसा मिळेना, म्हणून दहा-दहाचे दोन साधे कंडेन्सर पाठीला पाठ लावून जोडले. आठ ओहमच्या स्पीकरला ते साधारण ४००० हर्ट्झच्या वरचेच सूर जाऊ देतात.

आपण कानाने जे चाचपडत होतो त्याचे पूर्ण गणित जगात आधीच झालेले होते, हे आम्हाला फार उशिरा कळले. ऑस्ट्रेलियाचे अभियंते नेव्हिल थील यांनी १९६१ साली ते तिथल्या एका नियतकालिकात मांडले, आणि दहा वर्षे जगाचे त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. मग सिडनी विद्यापीठात रिचर्ड स्मॉल यांनी ते पुढे नेले. स्पीकरचे मोजके गुणधर्म मोजा, आणि कुठल्या आकाराच्या खोक्यात तो कसा वाजेल हे लाकूड कापण्याआधीच सांगता येते. ते मोजायला एक रेझिस्टर आणि मीटर पुरतो. आमच्यातल्या अभियंत्याने १९८४च्या सुमारास हे सगळे वाचून आमचा लाडका माठ मोजला. निकाल असा की नळी फार आखूड कापलेली होती. माठ घुमायला हवा त्याच्या बराच वर घुमत होता. ज्याला आम्ही खाँसाहेबांचा खर्ज समजून दहा वर्षे डोळे मिटून ऐकत होतो, त्यातला काही भाग मातीचा होता. त्या संध्याकाळी कुणी फार बोलले नाही. नळी बदलली. आवाज बरोबर झाला, आणि आमच्यातल्या दोघांना तो आवडेनासा झाला.

मंडळाशी या खोक्यांचा संबंध आला तो ऐंशी सालच्या गणपतीत. तोवर सभागृहातही बाहेरचाच भोंगा वाजत असे. भोंग्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. कागदी शंकूचा स्पीकर दिलेल्या विजेतला शंभरातला एखादा भागच आवाजात बदलतो, भोंगा दहाच्या घरात जातो; थोड्या वॉटमध्ये अख्खी गल्ली ऐकते. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या पाहायला रस्ते फुलून जात, तिथे भोंगाच हवा. पण बंद सभागृहात कीर्तनकारबुवांचे शब्द त्यातून दगडासारखे अंगावर येत. आमची खोकी लावली त्या वर्षी मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या मंडळींना पूर्वरंगातली ओवी पहिल्यांदा शब्दन् शब्द कळली, असे त्यांनीच सांगितले. पुढची सोळा वर्षे दहाही दिवस ती तिथेच होती. पुलंच्या कॅसेटींची रात्र असली की जिन्यापर्यंत माणसे बसत. हिंदीच्या गावात वाढणारी आमची मुले मराठी विनोदाला वेळेवर हसायला शिकली ती या खोक्यांसमोर.

मग भाड्याचे मोठे स्पीकर आले. त्यावर सभेत बरेच वाद झाले. आम्ही हरलो, आणि आमच्या बाजूनेही काही शहाणपणा झाला नाही. हट्टाने खोकी उचलून भांडारघरात ठेवणारे आम्हीच होतो. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा. जुलै २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतली बंदी उचलून धरली. त्याचा आधार घेऊन पुन्हा भांडावे असे आमच्यातल्या काहींना वाटले होते. पण कायदा दाखवून कुणाला ऐकायला बसवता येत नाही, हे तोवर आम्हालाही कळले होते.

आता आम्ही चौघे उरलो. कबूल करायला हवे की सत्तरीच्या कानांना आठ हजार हर्ट्झच्या वरचे फारसे ऐकू येत नाही, म्हणजे ज्या बारीक सुरांवरून आम्ही भांडलो ते आम्हा चौघांपुरते संपले आहेत. खर्ज मात्र शाबूत आहे.

गेल्या महिन्यात खोकी बाहेर काढली. एका स्पीकरचा कागद उंदरांनी कुरतडला होता. तो नवा बसवून आणला. दोन्ही कंडेन्सर सुकले होते, ते बदलले. यादी करणाऱ्या त्या मुलांपैकी दोघे रोज संध्याकाळी येऊन बसत. त्यांतल्या एकीने सेल लावून शंकू बाहेर येतो की आत ते स्वतः तपासले आणि ठिपके गिरवले. माठाची चीर सिमेंटने बुजवली आहे. टिकेल का, सांगता येत नाही. गणपतीच्या चौथ्या दिवशी दुपारी चार वाजता वरच्या खोलीत चादर टांगणार आहोत. मारव्याची रेकॉर्ड आहे, सुई नवी आणली आहे. खोकी जिन्यावरून वर न्यायला चार तरुण हात लागतील. तीन मिळाले आहेत.